दोन थेंब पुरे!

"मराठी विभागासाठी लेख द्या, कविता खूप झाल्यात," अशी नोटीस मेसच्या दारावर लागली तेव्हा माझ्या रूममेटने मला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, अगं, माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली, मराठीत मी फक्त भांडते. ती म्हणाली, "मग भांडणच लिहून दे की." म्हणून हे भांडण. विषय आहे वंगणाचा. (हा शब्द आईला फोन करून पक्का केला, नाहीतर मी सरळ ल्युब्रिकंट लिहिणार होते. एका मैत्रिणीला शीर्षक सांगितलं तर तिला वाटलं टेबलाखालच्या वंगणाबद्दल आहे. नाही बाई, ते धाडस माझ्यात नाही.) हे वंगण पिस्तुलाचं. पॉइंट टूटूचं, म्हणजे .२२ बोअरचं जे टार्गेट पिस्तूल असतं त्याचं. त्याला कोणतं तेल लावावं, किती लावावं, कुठे लावावं आणि मुख्य म्हणजे कुठे लावू नये, यावर माझं ठाम मत आहे. ते मत मला स्वस्तात मिळालेलं नाही.

जळकोटच्या मुलीचा आणि पिस्तुलाचा संबंध काय, असं विचारणारे हॉस्टेलवर पुष्कळ आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला २५ मीटर पिस्तूलमध्ये वर्ल्ड कपचं गोल्ड घेतलं. पिस्तुलात भारताचं ते पहिलंच. मग २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगला, तिचे आणि थायलंडच्या नेमबाजाचे ३४-३४ असे सारखे गुण झाले. शूटऑफ झाला, त्यातही बरोबरी! दुसऱ्या शूटऑफमध्ये राही एका गुणाने जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं गोल्ड घेणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून ब्राँझ आणलं तेही .२२ च्याच रायफलने. कांबळवाडीहून पॅरिसला जाता येतं तर जळकोटहून निदान सिलेक्शन ट्रायलला तरी जाता यावं, एवढीच माझी अपेक्षा होती. गेलेही. त्याचीच ही गोष्ट आहे.

आधी थोडं सांगते, कारण स्टाफरूममध्ये हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी एनसीसीची रायफल पाहिली असेल, टार्गेट पिस्तूल नसेल. मी सुरुवात १० मीटर एअर पिस्तूलने केली. दोन वर्षांनी क्लबमधल्या सरांनी .२२ हातात दिलं. ते क्लबचं, माझं नाही; लायसन्सही क्लबचं. शूटिंग संपलं की ते आर्मरीत कुलपात जातं. २५ मीटरच्या मॅचमध्ये ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० निवांत, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. नंतरच्या ३० ची मजा वेगळी. लक्ष्य ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद गायब होतं, पुन्हा ३ सेकंद. हात खाली ४५ अंशात धरायचा, लक्ष्य आलं की उचलायचा आणि एक गोळी मारायची. असं पाच वेळा. या तीन सेकंदांत बाईने नीट वागायचं आणि पिस्तुलानेही नीट वागायचं. दोघांपैकी एकाने जरी मान टाकली तरी शून्य!

तर जानेवारीतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी ट्रायल होती. आदल्या संध्याकाळी पिस्तूल साफ करायला मी मागून घेतलं. मागून घेतलं हे महत्त्वाचं आहे, कारण आमच्याकडे सफाईच्या टेबलावर मुली बसत नाहीत. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. मुलीने मॅगझिन काढलं की एखादा मुलगा येतो आणि म्हणतो, "राहू द्या ताई, आम्ही करतो." फार प्रेमाने म्हणतात, चिडताही येत नाही. म्हणजे नेम आम्ही धरायचा आणि आत काय चाललंय ते त्यांनी बघायचं. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी! वर्कशॉपला लेथवर काम केलेलं, टर्निंगचा जॉब मुलांच्या आधी दिलेला. मी म्हटलं, आज मीच करणार.

आर्मरीचे काका तिथेच होते. फौजेतून रिटायर झालेले, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी समोर उभं राहून मॅगझिन काढायला लावलं, चेंबर रिकामं दाखवायला लावलं, त्यात नारिंगी सेफ्टी फ्लॅगची दोरी बघितली, मग पुढचं करू दिलं. एवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बाहेर गेले.

टेबलावर कोल्ड्रिंकची एक छोटी बाटली होती, झाकणाला खिळ्याने भोक पाडलेलं. आत पिवळट तपकिरी काहीतरी. 'तेल' एवढंच लिहिलेलं. कुणी आणलं, केव्हा आणलं, कशाचं, काही पत्ता नाही. आणि मी विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर "राहू द्या ताई" सुरू झालं असतं. मी बोल्टच्या दोन्ही रुळांवर धार धरली. मागच्या बाजूला, फायरिंग पिनच्या भोकाजवळ, 'इथेही बहुतेक लागत असेल' म्हणून चार थेंब सोडले. वरून बोटाने थोडं ग्रीस. पिस्तूल इतकं चकचकीत दिसायला लागलं की मी फोटो काढला! तो फोटो अजून माझ्याकडे आहे.

सकाळी कडाक्याची थंडी. स्वेटर काढला तर हात थरथरत होता, घातला तर खांदा अडत होता. सरावाच्या पाच गोळ्या गेल्या ठीक. दुसऱ्या सिरीजमध्ये रिकामं काडतूस बाहेर पडताना मध्येच अडकलं, धुराड्यासारखं उभं. हात वर केला, पंच आले, नोंद झाली, पुढे गेले. रॅपिडमध्ये तिसऱ्या सिरीजला लक्ष्य आलं, हात उचलला, साईट बरोबर मध्यात बसली (अशी रोज बसत नाही!), ट्रिगर ओढला आणि नुसतं 'टिक'. गोळी उडालीच नाही. पुन्हा हात वर. सिरीज पुन्हा मिळाली. पुढच्या सिरीजमध्ये पुन्हा तेच, टिक. पंच शांतपणे म्हणाले, या टप्प्यात आता पुन्हा सवलत नाही. त्यानंतर मी काय मारलं ते मलाच आठवत नाही. ११ गुणांनी बाहेर.

मी लगेच काडतुसांना शिव्या दिल्या. मग पिस्तुलाला. थंडीलासुद्धा. काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी न उडालेली दोन काडतुसं तळहातावर घेतली आणि मला कडेचा वळ दाखवला. .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला मध्यभागी नसतो, बुडाच्या कडेत असतो. फायरिंग पिन ती कड चेचते, तेव्हा ते पेटतं. माझ्या काडतुसांवर पिनेची खूण होती, पण नखाने ओरखडल्यासारखी उथळ. मग त्यांनी बोल्ट उघडून पिन बाहेर काढली. पिनेच्या नळीत काळा राडा, तव्याच्या बुडाशी असतो तसला. माझं तेल, जुनी काजळी आणि थंडीत घट्ट झालेलं ग्रीस, तिन्हींचा मलिदा. पिन त्यातून पोहत चालली होती.

"बेटा, ये बंदूक है, पकोडा नहीं," एवढंच म्हणाले. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने मात्र वाक्य पूर्ण केलं, "म्हणूनच म्हणत होतो ताई, राहू द्या."

त्या वाक्याचा मला अजून राग आहे, आणि हा लेख खरं म्हणजे त्या वाक्याला उत्तर आहे. पण आधी चूक माझी, ती मान्य करून पुढे जाते.

हॉस्टेलला आल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. तो इथे देते, कारण इतर कुठल्याही ब्रँचच्या माणसालाही तो कळेल. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२० मीटर धरू. तिची ऊर्जा येते १३३ ज्यूल. आता या पिस्तुलांत बोल्टला कुलूप नसतं. काडतूस मागे रेटतं आणि बोल्ट नुसत्या स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने त्याला थोपवतो. गोळीला पुढे जेवढा संवेग मिळतो तेवढाच बोल्टला मागे. बोल्ट २५० ग्रॅमचा धरला तर त्याचा वेग सव्वातीन-साडेतीन मीटर आणि ऊर्जा? १.४ ज्यूल. (गॅसचा हिस्सा मी सोडून दिलाय, तो धरला तर थोडी वाढेल.) गोळीला १३३ आणि बोल्टला दीड सुद्धा नाही! एक किलो साखरेची पुडी १४ सेंटिमीटरवरून खाली पडली तर जेवढी, तेवढी. एवढ्याशा ऊर्जेत त्याने रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकायचं, हॅमर मागे दाबायचा, स्प्रिंग आवळायची, आणि त्या स्प्रिंगने परत येताना नवीन काडतूस चेंबरमध्ये बसवायचं. मोठ्या बोअरच्या पिस्तुलाला चिकट तेलाचं ओझं कदाचित जाणवणार नाही. या बिचाऱ्याच्या पगारातून मात्र तेलाची उधारी फिटत नाही.

आता कुणी म्हणेल, तेल तर घर्षण कमी करायला असतं, जास्त घातलं तर अजून कमी होईल. मला हेच वाटत होतं, आणि मला वाटतं की याला थोडाफार आमचा सिलॅबस जबाबदार आहे. आम्ही जर्नल बेअरिंग शिकतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सचं १८८६ चं समीकरण पाठ करतो. शाफ्ट सतत फिरतोय, तेलाचा जाड थर त्याला उचलून धरतोय, धातूला धातू लागतच नाही. सुंदर चित्र आहे. व्हायवाला कायम हेच विचारतात. पण पिस्तुलाचा बोल्ट फिरत नाही, तो जातो, थांबतो, परत येतो, थांबतो, आणि मग बाईसाहेब पुढचा नेम धरेपर्यंत तसाच बसून राहतो. थांबलेल्या जागी उचलून धरणारा थर तयारच होत नाही. तिथे उपयोगी पडतं ते पृष्ठभागाला चिकटून राहिलेलं अगदी पातळ पटल. स्ट्रिबेकच्या आलेखाचं डावं टोक, जे आमच्याकडे 'हे वाचून घ्या' म्हणून सोडून दिलं जातं. त्या टोकाला तेलाची जाडी वाढवून काही मिळत नाही. उलट जास्तीचं तेल धूळ धरतं, न जळलेल्या दारूचे कण धरतं, गोळीवरचं मेण आणि शिशाची भुकटी धरतं, आणि थोड्या दिवसांत त्याची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होते.

धुळीचं तर आपल्याला सांगायलाच नको. एप्रिल-मेमध्ये जळकोटहून उदगीरला एसटीने जा, उतरताना केस धुवायला लागतात. काळ्या रानाची ती बारीक धूळ तेल लागलेल्या कशावरही बसते आणि मग उठत नाही. म्हणून मला वाटतं की मुंबईतल्या किंवा जर्मनीतल्या नेमबाजाचा सल्ला आपण जसाच्या तसा घेऊ नये. वरळीची रेंज समुद्राच्या काठावर. तिथल्या माणसाने गंजाची काळजी करावी, बरोबर आहे. आपला शत्रू वर्षातले आठ महिने धूळ आहे आणि पावसाळ्यातच तेवढा गंज.

एक गंमत सांगते. तेलाच्या डब्यावर आयएसओ व्हीजी म्हणून जो आकडा असतो, तो त्याचा घट्टपणा, आणि तो मोजतात ४० अंश सेल्सिअसला. म्हणजे जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांचं प्रमाण तापमान म्हणजे आपल्याकडची एप्रिलमधली दुपार! पण ट्रायल असते जानेवारीत सकाळी. तेच तेल तेव्हा कितीतरी पटीने घट्ट झालेलं असतं. त्या बाटलीत काय होतं ते नंतर कळलं. मोटरसायकलचं इंजिन ऑइल. ४० अंशालाच त्याचा आकडा शंभराच्या वर असतो. थंडीत ते काय झालं असेल याचा विचार करा. शिवण मशीनचं तेल दहा-वीसच्या घरात.

शिवण मशीनवरून आत्याची आठवण आली. म्हणजे खरी शिकवणी तिथेच झाली.

ट्रायलनंतर चार दिवसांनी संक्रांतीला मी घरी गेले. तोंड पाडूनच. आत्या आमच्या शेजारीच राहते, ब्लाउज-परकर शिवते, जळकोटमध्ये तिच्या हाताला नाव आहे. तिची मशीन माझ्यापेक्षा मोठी आहे. सणाचं काम संपवून ती मशीनला तेल देत बसली होती. मी बघत बसले. वीस वर्षं बघतेय, पण बघितलं त्या दिवशी. सुईसारख्या तोंडाची कुपी. प्रत्येक भोकात एक थेंब, कुठे दोन. लगेच फडक्याने भोवतालचं पुसलं. मग दोरा न ओवताच एका जुन्या चिंधीवर मशीन पळवली, चिंधीवर तेलाचे डाग पडले, ती फिरवून पुन्हा पळवली, डाग पडायचे थांबले तेव्हा कुठे गिऱ्हाइकाचं कापड हातात घेतलं.

मी विचारलं, "आत्या, एवढंसंच का घालतीस?"

"मग काय आंघोळ घालू का तिला? ज्यादा झालं की ती कापडावर वकती, माय. लोकाचं ब्लाउज खराब झालं तर भरून कोन देनार?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "तेल दिसू नाही, नुसतं मशीनच्या आवाजावरून कळावं."

मी तिला पिस्तुलाचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "आगं, डोळ्यात तेल घालून बघायचं सोडून तू त्याच्यात घातलंस व्हय!" आणि कपाटातून नवी कुपी काढून माझ्या बॅगेत टाकली, तिळगुळाच्या डब्याशेजारी.

माझं मत असं आहे की क्लबच्या टार्गेट पिस्तुलाला तेच तेल पुरेसं आहे. परदेशी स्प्रे चांगले असतात, नाही म्हणत नाही. बॅलिस्टॉल म्हणून एक जर्मन तेल १९०४ पासून आहे, आणि ते लाकडाच्या मुठीलाही चालतं असं जुनेजाणते सांगतात. पण आपल्याकडे चर्चा कायम कोणतं तेल यावर होते, आणि किती यावर कधीच नाही. महागडं तेल ओतलं तरी ते ओतलेलंच. शिवण मशीनचं शुद्ध, पातळ तेल, बोल्टच्या रुळांवर एकेका थेंबाचं पटल, बोल्ट आठ-दहा वेळा हाताने मागेपुढे करायचा, जे बाहेर येईल ते पुसायचं. बस. पुसून झाल्यावर जे उरतं तेच लावलेलं तेल. चकचकीत दिसत असेल तर अजून पुसा.

कोणतं नको याबद्दल मात्र मी कडक आहे. इंजिन ऑइलचं सांगून झालं. खोबरेल तेल नको. हसू नका, लावलेलं मी बघितलंय. थंडीत बाथरूममधली पॅराशूटची बाटली कशी होते ते हॉस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे, २४ अंशांच्या खाली ते गोठायला लागतं. पिस्तुलात गेल्यावर त्याचा स्वभाव बदलत नाही. शिवाय काही महिन्यांनी खवट होतं. डब्ल्यूडी-४० बद्दल आमच्या वर्कशॉपमध्ये श्रद्धा आहे. त्या नावाचा अर्थच पाणी हटवणे, ४० वा प्रयोग. १९५३ मध्ये अमेरिकेत ओलावा आणि गंज रोखायला ते बनवलं. जाम झालेला नट सोडवायला, भिजलेली वस्तू सुकवायला उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतं ते पातळ पटल फार दिवस कामाचं नसतं. त्याने साफ करा, पुसा, आणि मग तेल लावा. ग्रीस मला या पिस्तुलात नकोच वाटतं, निदान थंडीत.

आणि कोरडं काय ठेवायचं? मला वाटतं हेच आधी शिकवायला हवं. फायरिंग पिनची नळी कोरडी. चेंबर कोरडं. मॅगझिन कोरडं, कारण तिथलं तेल काडतुसाला लागतं आणि आत झिरपलं तर मसालाच निकामी होऊ शकतो. ट्रिगरच्या आतल्या भागाला हात लावायचा नाही. नियमाने २५ मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो, आणि त्या घासल्या जाणाऱ्या कडांवर आपण तेलाचे प्रयोग केले तर दाब बदलतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दर वेळी वेगळा लागतो. तो भाग जाणकाराचा. नळी, म्हणजे बॅरल, मॅचच्या आधी कोरड्या चिंधीने पुसून घ्यायची. आत तेल राहिलं तर पहिल्या काही गोळ्या कुठे जातील याचा भरवसा नसतो. एनसीसीत आम्हाला पुलथ्रूच्या चिंधीची मापं घोकून घेतली होती: साफ करायची चिंधी चार बाय दोन इंच, तेल लावायची चार बाय दीड. तेव्हा वाटायचं काय हा फौजी खुळेपणा. आता वाटतं, तेलाची चिंधी लहान ठेवणारा माणूस शहाणा होता. (आणि गज घालायचा तो मागच्या बाजूने. पुढून घालून तोंडाची कड घासली गेली की मग तेलाचा विषयच संपतो.)

एअर पिस्तूलवाल्यांनी वरचं काही म्हणजे काही करू नये! त्यात २०० बारची हवा असते. खनिज तेल आणि दाबलेली हवा एकत्र आली तर डिझेल इंजिनमध्ये जे होतं ते हातात होऊ शकतं. तिथे ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही कंपनीने सांगितलं असेल तरच.

विरुद्ध बाजू मी ऐकलेली आहे. आमचे एक सिनिअर म्हणतात, कोरड्यापेक्षा तेलकट बरं. तेल जास्त झालं तर पुसता येतं, गंज लागला तर नळी गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पिस्तूल दोन महिने बंद राहतं, पुढे पावसाळा येतो, तेव्हा त्यांचं शंभर टक्के बरोबर. तेव्हा नळीत तेलाची चिंधी फिरवून ठेवायलाच हवी, आणि बाहेरून घामाचे ठसे पुसून तेलकट फडका. पण ते तेल झोपायचं आहे. उठल्यावर ते काढायचं असतं, आणि आमच्याकडे ते कुणी काढत नाही, कारण कुणी लावलं तेच कुणाला माहीत नसतं. प्रत्येक जण येतो, चार थेंब पुण्याचे टाकून जातो. शनीला वाहतात तसं. पुसण्याचं पुण्य कुणालाच नको. त्या पिनेच्या नळीतला सगळा राडा माझ्या एका संध्याकाळचा नव्हता हो. काजळी कित्येक महिन्यांची होती. बाटली मी आणली नव्हती. "राहू द्या ताई" म्हणणाऱ्यांनी वर्षभर तीच बाटली वापरली होती. त्यांची पाळी होती तेव्हा थंडी नव्हती, एवढाच फरक.

मशीन दगा देतं, जगात कुणालाही देतं. मनू भाकरचं पिस्तूल टोकियोला २०२१ मध्ये १० मीटरच्या पात्रता फेरीत मध्येच बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली, आणि ती ५७५ वर राहिली. फायनलसाठी ५७७ लागले. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन ब्राँझ घेतली. तिचा बिघाड तेलाचा नव्हता, आणि तिच्याशी माझी तुलना करण्याइतकी मी खुळी नाही. पण तिला कुणी "राहू द्या ताई" म्हटल्याचं ऐकलं नाही.

म्हणून मी क्लबला लेखी अर्ज दिलाय. मागण्या फार नाहीत. ती कोल्ड्रिंकची बाटली फेकून द्या. सुईच्या तोंडाची एक कुपी ठेवा, तिच्यावर तेलाचं पूर्ण नाव लिहा. टेबलाला दोरीने एक रजिस्टर बांधा: तारीख, पिस्तुलाचा नंबर, कुणी साफ केलं, कुठे तेल लावलं, सही. आणि जो किंवा जी शूट करेल, त्याने किंवा तिने साफ करायचं, काकांच्या समोर. साफसफाईनंतर साबणाने हात धुवायला बेसिनजवळ साबण ठेवा, कारण ते काळं म्हणजे शिसं असतं आणि पोरं त्याच हाताने समोसा खातात. अर्ज देऊन सहा आठवडे झाले. "परीक्षेनंतर बघू" असं उत्तर आहे. काकांनी मात्र वाट न बघता स्वतःची एक दोनशे पानी वही आणून ठेवली. पहिली नोंद माझ्या हातून करून घेतली: रूळ, दोन थेंब, पुसले. पिन कोरडी. खाली सही केली तर म्हणाले, मराठीत कर, इंग्रजीतली वाचता येत नाही. माझी मराठी सही अजून तिसरीतल्या पोरीसारखी येते.

दुसरी नोंद त्या वाक्य पूर्ण करणाऱ्या मुलाची आहे. त्याने 'तेल: पुष्कळ' लिहिलंय.

आत्याची कुपी सध्या माझ्या कपाटात असते. असते म्हणजे होती. परवा मी प्रॅक्टिसहून आले तर रूममेट खुर्चीवर उभी राहून आमच्या करकरणाऱ्या दाराच्या बिजागरीत ती रिकामी करत होती, अर्धी खाली फरशीवर. "बघ, आवाज बंद!" म्हणाली. तेव्हापासून आम्ही दोघी फरशी पुसतोय. कुणाकडे जुनी चिंधी असेल तर रूम नंबर विचारून आणून द्यावी.